रुई तिसरी, सारजाबाई चौथी

मी, चांगदेव लक्ष्मण साकोरे, वय ६८, पूर्वीचा धंदा एस.टी.च्या शिरूर डेपोत मेकॅनिक, सध्याचा धंदा परसाला पाणी घालणे, राहणार शिरूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. मला कोणी धमकावलेले नाही, कसली नशा दिलेली नाही, आणि फूस लावण्याइतका रिकामा वेळ या घरात कोणाकडे नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे.

तो दाखला मिळायला दोन खेपा पडल्या. पहिल्या खेपेला डॉक्टरांनी मला वार विचारला, शंभरातून सात वजा करायला लावले, दोन्ही बरोबर आले. मग सहज म्हणून त्यांनी बायका किती ते विचारले. मी चार सांगितल्या. दोघी देवाघरी, दोघी हयात; हयात असलेल्यांपैकी एक घरात राहते, एक परसात राहते, आणि परसातलीच्या अंगावर आज सव्वीस अळ्या आहेत, असेही मी खरे ते सांगितले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. दुसऱ्या खेपेला शेखलाल माझ्याबरोबर आला आणि परसातली म्हणजे रुईचे झाड आहे हे त्याने समजावून सांगितले, तेव्हा कुठे शिक्का बसला.

शेखलाल बाबूलाल तांबोळी हा माझा चाळीस वर्षांचा शेजारी. तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून तो लोकांचे दस्त लिहितो. त्याच्या मते मृत्युपत्र दोन पानांत बसते. मी म्हणालो, दोन पानांत माझी गाडी सुरूसुद्धा होत नाही. तेव्हा त्याने मला छापील नमुना दिला आणि बाकीचे मी माझ्या हाताने लिहिले आहे. ज्या ज्या ठिकाणी त्याने "हे काढ" म्हटले, ती ठिकाणे मी जास्त दाबून लिहिली आहेत.

कलम १. कुटुंबाची हकीकत

माझी पहिली पत्नी भागुबाई १९६९ साली विषमज्वराने वारली. तिच्यापासून मला एक मुलगा आहे, संपत, वय ४२, रांजणगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर. दुसरी पत्नी कस्तुराबाई. तिने संपतला पोटच्यासारखा वाढवला आणि १९८८ च्या दिवाळीत चकल्या तळता तळता बसल्या जागी गेली. दोघीही माझ्यापेक्षा भल्या होत्या. हे त्या असताना मी त्यांना बोललो नाही, म्हणून येथे लिहितो.

त्यानंतर १९९१ साली, माझ्या वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, दौंडचे स्थळ आले. सारजाबाई, वय ३५, आईवडिलांच्या आजारपणात लग्नाचे राहून गेलेली. तिचा थोरला भाऊ गेणबा रेल्वेत गँगमन. तो बैठकीत सर्वांदेखत मला म्हणाला, "दाजी, तुमच्या दोन गेल्या. तिसरी कुनाची टिकत न्हाई. आधी रुईसंगं लगीन लावा. तिसरी ती. मंग माझी बहीण चौथी."

ही चाल आमच्या भागात जुनीच आहे. तिसरेपणाचे गंडांतर झाडाने अंगावर घ्यायचे आणि बाईने चौथी म्हणून सुखाने नांदायला यायचे. रीत अशी की गावाबाहेर रानातली रुई बघायची, तिथे लग्न लावायचे आणि मागे न बघता घरी यायचे. येथे माझ्या हातून चूक झाली. रानाकडचा रस्ता डेपोवरून जातो, आणि मी मुंडावळ्या बांधून झुडपाला हार घालायला निघालेला सगळ्या डेपोने पाहावा हे मला नको होते. म्हणून मी म्हणालो, एवढे लांब कशाला, आपल्याच परसात धुण्याच्या दगडामागे रुई उगवली आहे, तिच्याशीच उरकून घेऊ. रानातल्या बायकोला मागे ठेवून येता येते. परसातली बायको रोज सकाळी दात घासताना समोर उभी असते, हा विचार मी केला नाही.

लग्न यथासांग झाले. रुईला पिवळा दोरा गुंडाळला, फांदीत हिरव्या बांगड्या घातल्या, खण ठेवला. अंतरपाट धरल्यावर भटजी अडले, कारण मुलीच्या मागे मामा नव्हता. शेखलाल भिंतीपलीकडून सगळे बघत होता. तो म्हणाला, "हिच्या मुळ्या माझ्या भिंतीखालनं आल्यात. निम्मं माहेर माझ्याच घरात हाय. मी मामा." भटजींनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले, मग घड्याळाकडे पाहिले, आणि मुहूर्त टळत होता म्हणून चालवून घेतले. तेव्हापासून शेखलाल मला भाचेजावई म्हणतो आणि ईदचा शिरखुर्मा मुलीच्या सासरी म्हणून पाठवतो.

गेणबाचे म्हणणे होते की दुसऱ्या दिवशी रुई मुळासकट उपटली पाहिजे. तिसरी गेली म्हणजे गंडांतर गेले. त्यासाठी त्याने दौंडहून येताना एक नवी कोरी कुदळ गाडीत टाकून आणली होती. आदल्या संध्याकाळीच सारजाबाईशी लग्न लागले होते; सकाळी मी ती कुदळ उचलली. सारजाबाईच्या अंगावरची हळद अजून तशीच होती. ती माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि तिने रुईचे एक पान उलटे केले. पानाच्या पाठीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, मधून पिवळे ठिपके असलेल्या सात-आठ अळ्या पान कुरतडत होत्या. दौंडला रुळाच्या कडेने रुईच रुई, त्यामुळे तिला लहानपणापासून हे ठाऊक होते.

ती मला म्हणाली, "लेकुरवाळी हाय. लेकरं उडून जाऊ द्या, मंग बघू." लग्नानंतर माझ्याशी बोललेले तिचे हे पहिले वाक्य.

ती लेकरे पंधरा-वीस दिवसांत फुलपाखरे होऊन उडून गेली. भगव्या पंखांची, काळ्या काठाची, काठावर पांढरे ठिपके असलेली. तोवर वरच्या कोवळ्या पानांवर दुसऱ्या कोणीतरी नवी अंडी घातली होती. ती फुटली, वाढली, उडाली, तोवर तिसरी. पंधरा वर्षे झाली, पण अंगावर मूल नाही असा दिवस काही सापडेना, आणि कुदळ तशीच राहिली.

गेणबा दर भाऊबीजेला येतो आणि ओवाळून घ्यायच्या आधी परसात डोकावतो. एका वर्षी त्याने स्वतःच कुदळ हातात घेतली. तेव्हा सारजाबाई ताम्हण घेऊन परसाच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, जी माझ्या वाटंचं मरान घ्यायला उभी राहिली, तिला मीच मारू व्हय?" गेणबा ओवाळणी टाकून पुढच्याच एस.टी.ने दौंडला गेला. मी त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून बराच वेळ सायकलचे ब्रेक आवळत बसलो, कारण मला रडू आले होते.

आम्हाला मूल झाले नाही. सकाळी उठून सारजाबाई पाने उलटी करून बघते, एवढेच.

कलम २. मिळकतीचे वर्णन

शिरूर येथील राहते घर, पुढे दोन खोल्या, मागे परस, सर्व माझ्या स्वकष्टाचे. वाडवडिलांचे त्यात काही नाही. वाडवडिलांनी मला फक्त संधिवात दिला. चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस आळीचा रस्ता. दक्षिणेस मारुतीचे देऊळ. उत्तरेस नगरपालिकेचे गटार, जे नगरपालिकेला मान्य नाही. पश्चिमेस शेखलालची भिंत. या भिंतीत माझी निम्मी मालकी आहे, हे शेखलालला आठ महिने मान्य असते आणि पावसाळ्यात ती गळू लागली की ती सबंध माझी होते.

कलम ३. परस

हे मृत्युपत्र ज्यासाठी लिहिले ते कलम हे. बाकीची कलमे याच्या सोबतीला आहेत.

गेल्या गणपतीत संपत एका मिस्त्रीला घेऊन आला. रांजणगावला कंपन्या वाढल्या, बाहेरून कामगार आले, शिरूरमध्ये जो तो परसात खोल्या काढून भाड्याने देतो आहे. संपतला चार खोल्या काढायच्या आहेत. मिस्त्रीने खुंट्या ठोकल्या आणि फक्कीने रेघ मारली. ती रेघ नेमकी रुईच्या बुंध्यातून गेली. मी नाही म्हणालो. तेव्हा संपत शांतपणे म्हणाला, "आप्पा, तुम्ही हाय तवर मी हात लावनार न्हाई. तुमच्या माघारी तेराव्याच्या आत जेसीबी आननार."

सारजाबाई आत तांदूळ निवडत होती. तिने ऐकले. त्या दिवशी तिने तेच तांदूळ दोनदा निवडले.

मला काय वाटते ते स्पष्ट लिहितो. मी गेल्यावर सारजाबाईचे या घरात स्वतःचे असे कोणी नाही. संपत तिला उपाशी ठेवणार नाही, तेवढा तो चांगला आहे. पण ज्या दिवशी ती रुई पडेल, त्या दिवशी ही बाई आपला नंबर आला असे समजून अंथरूण धरील. तिला मी ओळखतो. म्हणून सदर परस, त्यातील धुण्याचा दगड, पाण्याची टाकी, हळदीकुंकवाची अकरा रोपे आणि माझी तिसरी पत्नी रुई यांसह, मी माझी चौथी पत्नी सारजाबाई हिला तहहयात देत आहे. तिला तेथून कोणी उठवू नये. तिच्या माघारी हे परस माझी नात करिश्मा, संपतची मुलगी, वय १०, हिच्याकडे जावे, कारण या घरात पान तोडण्याआधी ते उलटून बघणारी सारजाबाईनंतर तीच एक आहे.

मी आधी परस थेट रुईच्याच नावावर करणार होतो. शेखलाल म्हणाला की झाडाला मिळकत देता येत नाही. मी विचारले, मग लग्न कसे लावता येते. तो म्हणाला, ते खाते वेगळे.

कलम ४. संपत

पुढच्या दोन्ही खोल्या, माझी मोटारसायकल आणि घराच्या छतावरचे सर्व आभाळ संपतला मिळावे. आभाळ मुद्दाम लिहिले आहे. १९७८ साली पाया घालताना मी गरजेपेक्षा जाड सळई टाकली होती, तेव्हा सगळे हसले होते. त्या पायावर वर चार खोल्या निघतात. संपतने मिस्त्रीला पुन्हा आणावे आणि फक्कीची रेघ गच्चीवर मारावी.

येथे एक जुनी गोष्ट लिहितो. माझे रुईशी लग्न झाले तेव्हा संपत सत्तावीस वर्षांचा होता आणि त्याच्याच लग्नाचे बघत होते. डेपोतले लोक त्याला "आईला पाणी घातलं का" असे विचारायचे. पारगावचे एक जमत आलेले स्थळ त्याच हसण्यापायी मोडले. ती रुई त्याच्या डोळ्यात खुपते ती तेव्हापासून. मी माझी लाज वाचवायला लग्न परसात लावले आणि लाज पोराच्या वाट्याला आली. संपत, त्याबद्दल मी तुझी माफी मागतो. तोंडाने मागायला मला पंधरा वर्षे जमले नाही. परस मात्र मिळणार नाही.

कलम ५. भिंत

परसातल्या भिंतीवर गेरूचे ठिपके आहेत. सारजाबाईला लिहिता येत नाही. कोशातून फुलपाखरू निघून पंख वाळवून उडाले की ती गेरूत अंगठा बुडवून भिंतीवर एक ठिपका देते. बारा वर्षांची भिंत अशी भरली होती. २००३ च्या दिवाळीत संपतने घराला रंग दिला, त्यात तीही पांढरी झाली. त्याने ते मुद्दाम केले नाही. त्याला तो मळ वाटला. दुसऱ्या दिवशी एक फुलपाखरू उडाले, सारजाबाईने कोऱ्या भिंतीवर पहिला ठिपका दिला आणि चहा टाकायला गेली. यापुढे त्या भिंतीला कोणीही रंग देऊ नये. शेखलालच्या बाजूने गळती लागल्यास त्याच्या बाजूने दुरुस्त करावी.

कलम ६. मारुतीची पाने

आळीतल्या बायका शनिवारी मारुतीच्या माळेसाठी आमच्या रुईची पाने नेतात. हा त्यांचा हक्क मी मान्य करतो. देवाला नाही म्हणणारा मी कोण. परंतु पाने खालची आणि जून न्यावीत, प्रत्येक पान आधी उलटून बघावे, अळी असेल तर ते पान सोडावे, आणि चिकाचा हात डोळ्याला लावू नये. एका माळेला अकरा पाने पुरतात. एकशे आठ पानांचा नवस बोलणाऱ्यांनी रानात जावे.

हा नियम का केला ते सांगतो. १९९८ साली घाईत नेलेल्या माळेबरोबर एक मोठी झालेली अळी देवळात गेली. ती माळेवरून चढून मारुतीच्या पितळी मुकुटाच्या काठाला जाऊन लटकली आणि तिने तिथेच कोश केला. कोश फिका हिरवा असतो आणि त्यावर सोन्याचे वाटावेत असे बारीक ठिपके असतात. सकाळी म्हादबा गुरवाने पाहिले तर देवाच्या कानाशी सोन्याच्या ठिपक्यांचा डूल. त्याने घंटा बडवून आळी गोळा केली. आठ दिवस रांग लागली, दौंडवरून गेणबासुद्धा येऊन पाया पडून गेला. मी आणि सारजाबाई रोज जाऊन बघत होतो, ते लोकांना भक्ती वाटली. नवव्या दिवशी ऐन आरतीत डूल फुटला, फुलपाखरू बाहेर आले, मारुतीच्या नाकावर बसून त्याने पंख वाळवले आणि ते गाभाऱ्याबाहेर निघून गेले. म्हादबाने देवाने स्वरूप दाखवले असे सांगितले. मी खरे काय ते सांगायला गेलो, तर त्याने मला नास्तिक ठरवले. सारजाबाई घरी आली आणि तिने भिंतीवर ठिपका दिला. तो ठिपका आमचा होता, देवळाचा नव्हता, एवढीच माझी म्हादबाविरुद्ध तक्रार आहे आणि ती मी माघारी घेत नाही.

कलम ७. हळदीकुंकवाची रोपे आणि आसिया

शेखलालची मुलगी आसिया येथील शाळेत विज्ञान शिकवते. या फुलपाखराला इंग्रजीत प्लेन टायगर म्हणतात हे तिने आम्हाला सांगितले. सारजाबाईचे मत, वाघ कसला, लेकरू हाय. रुईच्याच जातीचे, लाल-पिवळ्या फुलांचे हळदीकुंकू नावाचे झाड असते, त्यावरही या अळ्या वाढतात, म्हणून आसियाने दोन रोपे आणून दिली. त्यांची आज अकरा झाली. सवाष्ण जागची हलली नाही आणि हळदीकुंकू आपल्या पायांनी दारात आले, याचा सारजाबाईला फार आनंद झाला. रुईचा कडू चीक खाऊन फुलपाखरूही कडू होते आणि म्हणून पाखरे त्याला तोंड लावत नाहीत, हेही आसियाने समजावले. त्यावर शेखलाल म्हणाला की कडूपणा बापाकडून आला असेल. या मृत्युपत्राची अंमलबजावणी आसियाने करावी. ती वर्गात साठ मुले गप्प बसवते, संपत एकटा आहे.

कलम ८. हत्यारे व किरकोळ

माझे पान्यांचे दोन संच, ग्रीसगन, हातोडे आणि स्क्रूजॅक शेखलालला द्यायचे होते. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असा कायदा त्यानेच काढला. मी त्याला म्हणालो, साक्षीदार हो नाहीतर हत्यारे घे. तो दोन दिवस विचार करत होता. शेवटी साक्षीदार झाला, म्हणून हत्यारे त्याचा मुलगा रिजवान याला द्यावीत. रिजवान बापाला वापरू देईल की नाही यात मी पडत नाही.

पोस्टातले पुस्तक सारजाबाईचे. मोठा रेडिओ तिचाच, कारण त्याला कुठे थापटी मारायची ते तिलाच कळते.

दौंडहून आलेली कुदळ गेणबाला परत करावी. ती आजही नवी आहे. पंधरा वर्षे तिने पाण्याच्या टाकीचे झाकण दाबून धरण्याचे काम केले. बहिणीवरच्या मायेने त्याने ती आणली होती, हे मला कळते, म्हणून दांड्याला तेल लावून द्यावी.

कलम ९. दहाव्याचा कावळा

माझा दहावा घोडनदीच्या घाटावर करावा. पिंडाला कावळा शिवण्याबाबत पुढील अटी आहेत.

मी लवकर शिवणार नाही, हे आत्ताच कळवून ठेवतो. पिंड ठेवल्यावर भावकीने नेहमीप्रमाणे अंदाज सुरू करू नयेत. करिश्माचे लग्न थाटात करू, असे कोणी म्हटले तर मी फिरकणार नाही. मावशीला, म्हणजे सारजाबाईला, सांभाळू, एवढ्यानेही भागणार नाही. असली मोघम आश्वासने मी डेपोत साहेब लोकांकडून भरपूर ऐकली आहेत. संपतने स्वतः पुढे होऊन, हात जोडून, पलीकडच्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे आहे: परसातली रुई मी तोडणार नाही आणि कोणाला तोडू देणार नाही. एवढे झाले की मी बाभळीवरून खाली येईन. दर्भाचा कावळा करून शिववू नये. पिंड गाईला घालू नये. लोकांना कामावर जायचे आहे अशी सबब सांगू नये. भुकेचे मला काही नाही, डेपोत माझा डबा चार वाजता उघडत असे.

या कलमावर शेखलालने सर्वांत मोठी हरकत घेतली. त्याचे म्हणणे, "कावळ्याला कोर्टाचा हुकूम लागू व्हत न्हाई." मी त्याला सांगितले, संपतलाही होत नाही, पण संपतला कावळ्याचा होतो. कस्तुराबाईच्या दहाव्याला आम्ही तीन तास उन्हात उभे होतो. सगळ्यांनी सगळे बोलून पाहिले. शेवटी संपत, चोवीस वर्षांचा बाप्या, लहान पोरासारखा रडत म्हणाला, "आई, तंबाखू सोडतो." आणि कावळा आला. त्याला आज अठरा वर्षे झाली, संपतने तंबाखूला बोट लावलेले नाही. कंपनीत युनियन त्याला वाकवू शकली नाही, तहसीलदार वाकवू शकला नाही. त्या पिंडापुढे दिलेला शब्द मात्र तो मोडत नाही. हा गुण त्याच्यात कस्तुराबाईने घातला. माझा सगळा भरवसा त्यावर आहे.

शेखलाल मग म्हणाला, लिही.

कलम १०. वाचून दाखविल्यानंतरची दुरुस्ती

वरील सर्व मी आज सकाळी सारजाबाईला वाचून दाखवले. तीन ठिकाणी ती हसली, भिंतीच्या कलमाला तिने पदर तोंडाला लावला. कलम ३ मध्ये शेखलालच्या सांगण्यावरून मी आधी "रुई नामक झुडूप" असे लिहिले होते. ते तिने खोडायला लावले. म्हणाली, "ती तिसरी, मी चौथी. तिचा मान आधी." त्याप्रमाणे दुरुस्ती केली आहे.

मग तिने विचारले, "आन् म्या आधी गेले तर?"

शेखलालने चष्मा पुसायला काढला. मी सगळे आयुष्य गाड्यांचा पुढचा बिघाड आधी ओळखण्यात घालवले, पण हा प्रश्न मी कुठल्याच कलमात धरला नव्हता. ती माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान आहे. पण तिसरी-चौथीचा तो हिशोब तिच्या मनातून पुरता कधीच गेला नाही, हे मला आज कळले. म्हणून पुढील कलम वाढवतो.

कलम ११. सारजाबाई माझ्याआधी गेल्यास

मी पाचवे लग्न करणार नाही, झाडाशीही नाही. सकाळची पाने मी उलटी करून बघेन. भिंतीवर ठिपके मी देईन. माझा अंगठा मोठा आहे, ते तिने चालवून घ्यावे. तिच्या दहाव्याला पिंडापुढे संपत नाही, मी उभा राहीन. तिचा जीव कशात अडकला असेल हे मला माहीत आहे. कावळ्याची वाट न बघता मी ते वाक्य आधीच बोलेन, तिला उन्हात ताटकळत ठेवणार नाही.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी लिहिले, वाचले, ऐकवले आणि खाली सही केली. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. यानंतर केले तर ते कलम ९ आणखी कडक करण्यासाठीच असेल.

ठिकाण: शिरूर, राहत्या घराचे परस
दिनांक: ११ नोव्हेंबर २००६, शनिवार

(सही) चांगदेव लक्ष्मण साकोरे

साक्षीदार:

१. (सही) शेखलाल बाबूलाल तांबोळी, दस्तलेखक, शिरूर. मुलीचा मामा म्हणून दुसरी सही करू देण्याची मागणी केली होती, ती लिहून देणाऱ्याने नामंजूर केली.

२. (सही व शिक्का) डॉक्टर, दाखला देणारे. सही करण्यापूर्वी यांनी रुई प्रत्यक्ष पाहिली व सव्वीस अळ्या मोजून खात्री केली. पंचवीस भरल्या. एकीने सकाळीच कोश केला आहे, हे त्यांना दाखवण्यात आले.

सारजाबाईच्या अंगठ्याची या कागदावर गरज नाही, असे शेखलालने तिला दोनदा सांगितले. तरी तिने दिला. शाईचा डबा पुढे केला होता, तो बाजूला सारून तिने अंगठा गेरूत बुडवला आणि माझ्या सहीशेजारी टेकवला. भिंतीवर देते तसाच.